लाल दोऱ्याचे नऊ थर्मामीटर

मावशींच्या प्रयोगशाळेत मुलांचं उत्तर चुकत नाही, अशी शाळेत ख्याती होती. शिकवणारे सर तीनदा बदलले, फळा काळ्याचा हिरवा झाला, नळाला नवी तोटी आली. पण बीकरमधलं पाणी उकळलं की पारा शंभरावर जाऊन उभा राहायचा तो राहायचाच. मुलं वहीत शंभर लिहीत, सर त्यापुढे बरोबरची खूण करत आणि मावशी बीकर धुवायला घेत.

मावशी म्हणजे प्रयोगशाळेच्या मदतनीस. नेमणुकीच्या कागदावर त्यांचं नाव होतं, हुद्दा होता, पण तो कागद वाचला होता फक्त कारकुनानं. बाकी सगळ्यांच्या त्या मावशी. मुलांचे आईबाप भेटायला आले तर तेही दुसऱ्या वाक्याला मावशी म्हणू लागत. सव्वीस वर्षं झाली होती, निवृत्तीला दोन उरली होती.

त्या पाऱ्याची गोष्ट पहिल्याच वर्षीची. तेव्हा एक तपासनीस आले होते. त्यांनी मुलांच्या वह्या उघडल्या तर कुणाचं पाणी शहाण्णवला उकळलेलं, कुणाचं सत्त्याण्णवला, कुणाचं अठ्ठ्याण्णवला. ‘उपकरणे सदोष’ असा शेरा मारून ते चहा पिऊन गेले. तेव्हाचे सर बिचारे पापभीरू होते. ते मावशींना म्हणाले, “पुस्तकात शंभर आहे. पोरांना शंभर यायला हवं, नाहीतर पोरं घाबरतात. बघा काही करता आलं तर.”

मावशींनी करून दाखवलं. शाळेत येणारे थर्मामीटर स्वस्तातले, दहांत दहा तऱ्हेचे. त्यांनी एका पातेल्यात पाणी उकळत ठेवलं, एकेक थर्मामीटर त्यात धरला आणि जो शंभर दाखवील त्याच्या डोक्याला लाल दोरा बांधला. उरलेले एका पत्र्याच्या डब्यात घातले आणि डब्यावर लिहिलं, ‘खराब’. पुढे जेव्हा जेव्हा नवं खोकं आलं तेव्हा तेव्हा हीच परीक्षा झाली. सव्वीस वर्षांत लाल दोऱ्याचे नऊ जमले. ते नऊ मावशी कापसात गुंडाळून ठेवत. घरातलं काचसामान त्यांच्याकडून फुटे, पण या नवांपैकी एकालाही कधी तडा गेला नाही.

मुलांवर त्यांचा जीव होता. वार्षिक प्रात्यक्षिकात एखादं पोर दोन बाटल्यांमध्ये अडकून घामाघूम झालं, की मावशी फडकं घेऊन टेबल पुसायला जात, आणि पुसता पुसता योग्य ती बाटली बोटभर पुढे सरकवत. कुणाला कळत नसे. त्या पोराला मात्र कळे.

हे सगळं मागच्या वर्षापर्यंतचं. मागच्या वर्षी मावशींचे यजमान गेले. टपाल वाटायचे, पायानं काटक, आयुष्यात दवाखान्याची पायरी चढले नव्हते. ताप आला. आठ दिवस घरीच औषध चाललं होतं, नवव्या दिवशी दवाखान्यात हलवलं, अकराव्या दिवशी संपलं. तेव्हा मावशी शाळेत होत्या, दहावीच्या प्रात्यक्षिकाची मांडामांड करत.

त्यांना रडू आलं नाही. लोक म्हणाले, धक्का आहे, येईल. मग म्हणाले, बाई घट्ट आहे. खरं तर दोन्ही नव्हतं. दात काढताना इंजेक्शन दिलं की गाल आपला असून आपला राहत नाही, तसं मावशींचं झालं होतं. फक्त गालापुरतं नव्हतं. त्या वेळेवर उठत, वेळेवर शाळेत जात, कुणी विनोद केला तर कुठे हसायचं तेही त्यांना ठाऊक होतं. भाजीत मीठ टाकायचं राहून जाई आणि खाताना ते त्यांना कळतही नसे.

ते कळायचं नणंदबाईंना. यजमानांची ही थोरली बहीण, दवाखान्यातून निवृत्त झालेली परिचारिका, एकटी, भावाच्या आजारपणात आली होती, ती तो गेल्यावर मावशींच्या सोबतीला राहिली. जिभेला धार. “आज तुझी भाजी रुग्णांच्या पथ्याची झालीय गं,” त्या म्हणत. “मीठ नाही, तिखट नाही. आता एक खाट घाल, मी वॉर्ड समजून झोपते.”

“उद्या टाकते, वन्सं,” मावशी म्हणत. दुसऱ्या दिवशी पुन्हा राही.

शाळेतले आताचे सर तरुण होते आणि त्यांना स्वस्थ बसवत नसे. मुलांना डॉक्टर आणि इंजिनिअर सोडून तिसरा शब्द माहीत नाही, याचा त्यांना राग होता. म्हणून त्यांनी नववी-दहावीसाठी शनिवारचा फेरा सुरू केला. दर शनिवारी शेवटचे दोन तास वीस-पंचवीस मुलं घेऊन एखाद्या कामाच्या जागी जायचं. कधी रक्त तपासायची प्रयोगशाळा, कधी पाणी शुद्ध करायचं केंद्र, कधी चष्म्याच्या काचा घासणारा कारागीर. वहीत तीन गोष्टी लिहायच्या: इथे कोण काम करतं, ते काय शिकून आलं, दिवसभर नेमकं काय करतं. मुलं प्रामाणिकपणे लिहीत. ‘इथले लोक दिवसभर दुसऱ्यांचं रक्त बघतात आणि मध्ये चहा पितात,’ असं एकानं लिहिलं होतं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला, तुम्ही कुठे शिकलात, असं विचारलं तर तो म्हणाला होता, “दोन मजल्यांच्या मध्ये.” तेही वहीत आलं.

मुली असत म्हणून सोबत एक बाईमाणूस हवं, तर सरांनी मावशींना धरलं. मावशी गेल्या. न जाण्याचं कारण सुचलं नाही. प्रत्येक ठिकाणी त्या दाराशी उभ्या राहून डोकी मोजत. गेली तेवीस, आली तेवीस. आत काय होतं ते त्यांनी पाहिलं, पण घरी येऊन आठवलं नाही.

त्या तेविसांत एक होती भिंगरी. नाव मैत्रिणींनी ठेवलेलं, कारण ती एका जागी ठरत नसे. बाप घरं रंगवायचा. पोरगी हुशार, पण तिच्या हुशारीला मार्क फारसे पडत नसत, कारण ती पहिल्या प्रश्नाच्या उत्तराशेजारी स्वतःचा आणखी एक प्रश्न लिहून येई.

ही भिंगरी एकाच ठिकाणी स्थिर झाली, मापकेंद्रात. दुकानदारांचे तराजू, पाण्याचे मीटर, दवाखान्यातली रक्तदाबाची यंत्रं, कारखान्यातले थर्मामीटर, सगळं तिथे तपासून, बरोबर असेल तर शिक्का मारून देत. एका टेबलावर एक बाई चिमट्यानं छोटी वजनं उचलून ताजव्यात ठेवत होत्या. भिंगरी तिथे चिकटली.

“हे वजन खरं आहे, हे कोण ठरवतं?”

“त्याच्यापेक्षा खरं एक कपाटात आहे. त्याच्याशी ताडून बघतो.”

“आणि ते खरं आहे हे?”

“त्याच्यापेक्षा खरं राजधानीत आहे.”

“आणि ते?”

“आता तू घरी जा बाई, मला काम आहे.”

पण भिंगरी गेली नाही. सगळ्यांत शेवटी निघाली. वाटेत कधी नव्हे ती गप्प होती. त्या दिवशी डोकी मोजताना मावशींना एक कमी भरलं होतं, एवढं त्यांच्या लक्षात राहिलं.

मापकेंद्रात दहावीनंतर दोन वर्षांचं शिक्षण होतं, जागा आठ. लेखी नाही, मुलाखत नाही, फक्त हातानं करायची एक चाचणी. शाळेतून कधी कुणी गेलं नव्हतं. भिंगरीनं अर्ज आणला. बापानं सही केली, पण अट घातली. “नाव लागलं तर जा. नाही लागलं तर काकाच्या दुकानात झेरॉक्स काढायला बसायचं. मग पुन्हा शिक्षणाचं नाव काढायचं नाही.” बाप बोलेल तसं करणारा होता. हे तिनं स्वतःच मावशींना सांगितलं होतं, नळाखाली हात धुता धुता. मावशी “बरं” म्हणाल्या होत्या.

परीक्षा संपल्या, चाचणी झाली, यादी लागली. यादीत भिंगरी नव्हती.

एका दुपारी सर तिला प्रयोगशाळेत घेऊन आले. आठवीचा वर्ग नुकताच गेला होता. मावशी बीकर विसळत होत्या.

“मी जाऊन विचारून आलो,” सर म्हणाले. “पाणी उकळायचं आणि पाच मिनिटं, दर मिनिटाला तापमान लिहायचं. एवढंच होतं ना?”

“हो सर.”

“तू पाचही वेळा शंभर लिहिलंस.”

“हो.”

“त्यांचा थर्मामीटर सत्त्याण्णवच्या आत-बाहेर होता. त्यांनी शेरा लिहिलाय, ‘दिसते ते लिहीत नाही.’ म्हणाले, बाकी सगळं चालतं, हे एक आमच्याकडे चालत नाही.”

भिंगरी टेबलाच्या कडेवरून नख ओढत राहिली. मग म्हणाली, “मला सत्त्याण्णवच दिसत होतं.”

“मग?”

“मला वाटलं त्यांचा थर्मामीटर खराब आहे. आपल्या खराब डब्यातले पण तेवढंच दाखवतात. मी एकदा लावून बघितले होते.” मग पुढे म्हणाली, “मला वाटलं, खराब थर्मामीटर देऊन पोरं बरोबर उत्तर काढतात का, ते बघताहेत.”

 सरांनी फडताळावरून पत्र्याचा डबा काढला, बर्नर पेटवला, पाणी ठेवलं. डब्यात चौदा थर्मामीटर होते. त्यांतले तीन खरंच बिघडलेले निघाले. उरलेल्या अकरांपैकी एकही सव्वाशहाण्णवच्या खाली गेला नाही की साडेसत्त्याण्णवच्या वर चढला नाही. सर एकेक बाहेर काढून ओळीनं मांडत गेले.

“अकराच्या अकरा सारखेच खराब कसे असतील?” ते स्वतःशीच म्हणाले. आणि मग गॅस बंद करायचंही विसरून ते टेबलावर बसले. “दरवर्षी शिकवतो मी. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी कमी तापमानाला उकळतं. दरवर्षी फळ्यावर डोंगर काढतो आणि वर एक शेगडी.”

“आपलं गाव हजार मीटरवर आहे,” भिंगरी म्हणाली. “बसस्टँडच्या पाटीवर लिहिलंय.”

“माहितीये मला पाटी.” सरांनी तोंडावरून हात फिरवला. “मावशी, हे लाल दोरे कुणी बांधलेत?”

“मी.”

“कधीपासून?”

“पहिल्या वर्षापासून.”

नळ चालू होता. भिंगरीचा चेहरा एकदम उजळला. “म्हणजे मी बरोबर बघितलं होतं,” ती म्हणाली. मग यादी आठवली असावी. चेहरा पुन्हा होता तसा झाला. मावशींवर ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं मावशींना वाटायला हवं होतं. त्यांनी हातातला बीकर उलटा करून ठेवला, दुसरा घेतला. तो आधीच धुतलेला होता, तरी धुतला.

संध्याकाळी जेवताना त्यांनी सगळं नणंदबाईंना सांगितलं. सांगायचं असं ठरवलं नव्हतं, “आज भाजीत मीठ आहे, काय झालं?” असं त्यांनी विचारलं म्हणून निघालं.

नणंदबाईंना त्यात फार काही वाटलं नाही. “अगं, त्यात काय. वॉर्डात चाळीस खाटा आणि आम्ही दोघी. निम्मे तक्ते टेबलावर बसून भरायचो. घोरतोय त्याला ताप नाही, असं धरायचं. कुणी मेलं नाही त्यानं.”

असं म्हणून त्यांनी घास घेतला. घास चावता चावता हळू झाल्या आणि थांबल्या. ताटाकडे बघत म्हणाल्या, “एक सांगायचं राहिलंय. धाकट्याच्या तापाच्या आठव्या दिवशी मी तुला ताप नव्व्याण्णव आहे म्हणून सांगितलं. नव्व्याण्णव नव्हता. एकशे तीनच्या वर होता. तुझी शाळेत प्रात्यक्षिकं होती. म्हटलं, डॉक्टर येताहेत, मी आहे, हिला घरी बसवून काय करायचंय. कामात राहील तर उभी राहील.”

“मला माहीत होतं,” मावशी म्हणाल्या.

“काय माहीत होतं?”

“पहाटे मी लावला होता. तुम्ही उठायच्या आधी. एकशे तीन आणि वर दोन रेघा.”

“मग गेलीस कशाला शाळेत?”

“तुम्ही नव्व्याण्णव म्हणालात. तुम्ही नर्स. वाटलं, मीच चुकीचा वाचला.”

“तू?” नणंदबाई म्हणाल्या. “जन्म थर्मामीटर वाचण्यात गेला तुझा.”

मावशींनी पुढचा घास घेतला. दोघी जेवल्या. भांडी घासायची पाळी मावशींची होती, ती नणंदबाईंनी घासली, बराच वेळ लावून. मावशी ओट्याशी उभ्या राहून त्यांच्या हातातून एकेक भांडं घेत पुसत राहिल्या. आत काही हलेल म्हणून त्या थांबल्या होत्या. काही हललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेल्या. सर आधीच तिथे होते. शाळेनं कारण लिहून दिलं तर मापकेंद्र पुन्हा चाचणीचा विचार करील, असं त्यांना तिकडून कळलं होतं.

“मी असं पत्र कसं देऊ?” मुख्याध्यापिका म्हणाल्या. वाईट बाई नव्हत्या, घाबरट होत्या. “‘आमच्या शाळेत चुकीचे थर्मामीटर निवडून वापरतात’ आणि खाली माझी सही? आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा तो.”

“तुमची नको,” मावशी म्हणाल्या. “मी लिहून आणलंय. माझी सही आहे. तुम्ही खाली फक्त ‘पाहिले’ लिहा.”

‘पाहिले’ या शब्दानं आजवर कुणाचं वाईट झालेलं नव्हतं. मुख्याध्यापिकांनी कागद घेतला. अक्षर गोल, शाळेतल्या पाटीसारखं. ‘उकळत्या पाण्यात शंभर दाखवतील असे थर्मामीटर मी निवडून मुलांना देत आले. खरे दाखवणारे मी खराब म्हणून वेगळे ठेवले. या मुलीला चाचणीत खरे तेच दिसले होते. परंतु जे दिसते ते खराब, असे ती या प्रयोगशाळेत शिकली. चूक तिची नाही.’

“मावशी, वरून विचारणा येईल हो. दोन वर्षं राहिलीत तुमची. भीती नाही वाटत?”

पिशवीत किल्ली चाचपावी तशी मावशींनी भीती चाचपून पाहिली. सापडली नाही. “काही वाटत नाही,” त्या म्हणाल्या, आणि ते शब्दशः खरं होतं. सरांना मात्र ते धैर्य वाटलं. पुढे कितीतरी दिवस ते लोकांना तसंच सांगत राहिले.

मुख्याध्यापिकांनी ‘पाहिले’ लिहिलं, तारीख घातली आणि पेनाचं टोपण लावलं.

मापकेंद्राचे प्रमुख उंच, वाकलेले, कानावर पेन्सिल ठेवणारे गृहस्थ होते. मावशी त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या, शेजारी भिंगरी. सरांना तास होता. मावशींनी कापसाची गुंडाळी सोडून नऊ थर्मामीटर टेबलावर ठेवले. प्रमुखांनी पत्र वाचलं, मग थर्मामीटर उचलून आत नेले. वीस मिनिटांनी बाहेर आले. कागदावर नऊ आकडे लिहिलेले.

“सगळे वरच चुकतात. कुणी अडीच, कुणी तीन, कुणी साडेतीन. नवातला एक तरी खाली चुकायला हवा होता. असं आपोआप होत नाही.”

“नाही. निवडलेत.”

“पोरांना बरं वाटावं म्हणून?”

“हो.”

त्यांनी पेन्सिल कानावरून काढून पुन्हा कानावर ठेवली. “इथे दुकानदार येतात, बाई. वजनाच्या तळाला शिसं लावलेलं असतं. त्यांना आम्ही दंड करतो. तुमच्यासाठी आमच्याकडे कलम नाही.” हे ते रागानं म्हणत होते की कसं, ते कळायला मार्ग नव्हता. मग भिंगरीकडे वळून म्हणाले, “निवडलेला एक मुलगा दुसरीकडे गेलाय, ती जागा आहे. पत्रानं जागा मिळत नाही. आत्ता, इथे, दुसरी चाचणी घेतो. पाणी उकळायचं नाही. जमलं तर जमलं, नाही तर यादीतल्या पुढच्या मुलाला कळवतो.”

भिंगरीला काचेपलीकडच्या खोलीत बसवलं. समोर ताजवा, चिमट्यानं उचलायच्या वजनांची पेटी आणि एक पितळी वजन. वजनावर ठसठशीत आकडा कोरलेला, पाचशे. “हे किती भरतं ते तीनदा बघ आणि लिही,” एवढं सांगून प्रमुख खिडकीशी जाऊन उभे राहिले.

मावशी बाहेरच्या पॅसेजमध्ये, काचेपाशी. त्यांना ताजवा स्पष्ट दिसत होता. एका पारड्यात भिंगरीनं पितळी वजन ठेवलं, दुसऱ्यात पेटीतली शंभर शंभरची पाच. पारडं पाचांच्या बाजूला गेलं. तिनं एक शंभर काढून लहान वजनं चढवायला सुरुवात केली. बराच वेळ गेला. काटा मध्ये आला तेव्हा तिनं पारड्यातली वजनं मोजली, पुन्हा मोजली. मग पितळी वजन उचलून त्यावरचा पाचशेचा आकडा वाचला. सगळं उतरवलं, पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदाही तेच झालं असावं. पेन उचललं आणि कागदावर टेकवायच्या आधी तिनं मान वळवून काचेतून मावशींकडे पाहिलं.

ही नजर मावशींच्या ओळखीची होती. सव्वीस वर्षं ती बघून त्यांनी फडकं उचललं होतं. नुसती पापणी हलवली असती तरी पोरीला पुरलं असतं. लिहायचा आकडा कोणता, हेही मावशींना ठाऊक होतं. आठवीतल्या मुलालाही ठाऊक झालं असतं.

मावशींनी पाठ फिरवली.

समोरच्या भिंतीवर आग लागल्यास काय करावे याची पाटी होती. अकरा सूचना. मावशींनी अकराही वाचल्या. सहावी सूचना अशी होती की, लिफ्ट वापरू नये. इमारत एकमजली होती. त्यांनी पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली. मागे काचेवर कुणी टकटक करील असं वाटत होतं. कुणी केली नाही. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला, दार उघडलं, तरी त्या वळल्या नाहीत. नववी सूचना चालू होती.

“हे बघा,” प्रमुख म्हणाले.

कागदावर भिंगरीचं तिरकं अक्षर. ‘वजनावर पाचशे लिहिले आहे. मला ४९३, ४९३.५, ४९३ मिळाले. वजन झिजले असावे किंवा माझी चूक होत असावी. पण मिळाले ते हे.’ खाली तिच्या सवयीप्रमाणे एक प्रश्न: ‘मध्येच अर्धा ग्रॅम जास्त का आला?’

“चूक होत असावी हे खोडू का?” भिंगरीनं विचारलं.

“राहू दे,” प्रमुख म्हणाले. “सोमवारपासून ये. आठ वाजता. आठ म्हणजे आठ, आम्ही घड्याळंही तपासतो.” अर्ध्या ग्रॅमचं काय ते त्यांनी सांगितलं नाही. ते आठवडाभरानं तिनंच शोधून काढायचं होतं. नऊ थर्मामीटर त्यांनी परत दिले नाहीत, ठेवून घेतले, नव्या मुलांना शिकवायला. त्याची पावती मात्र दिली.

दोघी बाहेर आल्या, थांब्यावर जाऊन उभ्या राहिल्या. भिंगरी उड्या मारील असं वाटलं होतं, तर ती नुसती चपलेनं जमिनीवर रेघ ओढत होती.

“मावशी, तुम्ही पाठ का फिरवलीत?”

“कंटाळा आला बघून. तीनतीनदा तेच.”

“मी सातशे वेळा ठरवलं, पाचशेच लिहावं.” मग जरा वेळानं, “बाबांना आता काकाला कळवावं लागेल. काकानं मशीन पुसून ठेवलं असेल.”

“कळवतील.”

वरून विचारणा आली, ती पुढच्या महिन्यात. ‘खुलासा सादर करावा’ असा कागद होता आणि मावशींनी खुलाशात पत्रातलीच वाक्यं पुन्हा उतरवून दिली. सेवापुस्तकात एक नोंद झाली. पण त्या दुपारी थांब्यावर यातलं काहीच नव्हतं. ऊन होतं, बसची वाट होती आणि शेजारी पोरगी आता कुठे हळूहळू बोलायला लागली होती. ताजव्याचा काटा कसा श्वासानंही हलतो, तोंडावर हात धरून कसं वाचावं लागतं, ते.

मावशींच्या पायांत कळा येत होत्या. त्या पॅसेजमध्ये तासभर ताटकळल्या होत्या, त्याच्या. बऱ्याच महिन्यांत आपलं काही दुखतंय, हे त्यांना असं लगेच कळलं नव्हतं. त्या थांब्याच्या कट्ट्यावर बसल्या आणि भिंगरीला म्हणाल्या, “सांग, पुढे. मग तो काटा थांबतो कसा?”